विकलं किती, उरलं किती

(नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या स्मृतिदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोखल्यांचा जन्म १८६६ सालचा, आपल्याच गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावचा. आज १९ फेब्रुवारी, त्यांचा स्मृतिदिन. या दिवशी बहुतेक वक्ते त्यांच्या नेमस्तपणावर, रानड्यांशी असलेल्या त्यांच्या नात्यावर किंवा गांधीजींवरच्या त्यांच्या प्रभावावर बोलतात. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. तीस वर्षं या भागात लोकांची कर विवरणपत्रं भरून देतो आहे. म्हणून मी ज्या गोखल्यांविषयी बोलणार आहे, ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे आणि मुलांसाठी अंकगणिताचं पुस्तक लिहिणारे गोखले. सरकारला आकड्यांनी उत्तर देता येतं, हे त्यांना ठाऊक होतं.

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात, व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात त्यांनी अर्थसंकल्पावर पहिलं भाषण केलं. तिजोरीत शिल्लक आहे म्हणून सरकार समाधानी होतं. लोक मात्र दुष्काळ आणि प्लेग यांनी पिचले होते. गोखल्यांच्या मागण्यांत मिठावरचा कर कमी करावा ही एक होती. दुसरी फारशी कोणाच्या लक्षात राहत नाही. आयकर १८८६ च्या कायद्याने वर्षाला ५०० रुपयांच्या उत्पन्नापासून सुरू होत होता. ती मर्यादा १००० करावी, असं त्यांनी मागितलं. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठाचा कर उतरला आणि आयकराची मर्यादा १००० रुपये झाली. छोट्या दुकानदाराच्या, कारकुनाच्या दारातून कर बाजूला सरकला.

आजच्या विषयाशी याचा संबंध काय, ते मी शेवटाकडे सांगतो. आधी आपल्या घरांतली गोष्ट.

गेल्या सात-आठ वर्षांत आपल्याकडे एक नवा धंदा उभा राहिला आहे आणि त्याला दुकान नाही. माजघरात मेतकूट, कुळथाचं पीठ, कोकम आगळ तयार होतं. ओसरीवर खोकी चिकटवली जातात. दुपारी कुरिअरचा मुलगा येऊन ती घेऊन जातो. कोणी मोठ्या प्लॅटफॉर्मवर नोंदणी केलेली असते, कोणी व्हॉट्सॲपच्या गटावर ऑर्डर घेतं, कोणी इन्स्टाग्रामवर फोटो टाकतं. हे करणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत. पन्नाशी उलटलेल्या, आयुष्यात कधी स्वतःच्या नावाने चेक न लिहिलेल्या बायका महिन्याला तीस-चाळीस हजारांचा माल विकताना मी पाहिल्या आहेत. मला त्यांचा अभिमान वाटतो.

पण त्याच बायका माझ्याकडे येतात तेव्हा घाबरलेल्या असतात. मोबाईलवर आलेला मेसेज पुढे करतात आणि विचारतात, "भाऊ, हे काय आलं? मी काही चुकीचं केलं का?"

त्यांनी चुकीचं काही केलेलं नसतं. गोंधळ होतो तो तीन आकड्यांचा. विकलं किती, खात्यात आलं किती आणि उरलं किती, हे तीन वेगळे आकडे आहेत. सरकारला पहिला दिसतो, बाईला दुसरा दिसतो आणि कर लागायचा तो तिसऱ्यावर. तिसरा आकडा कोणत्याही संगणकात नाही. तो फक्त तिच्या वहीत असू शकतो.

उदाहरण घेऊ. समजा, एका बाईंनी प्लॅटफॉर्मवर वर्षभरात ६,४०,००० रुपयांचा माल विकला. कमिशन, डिलिव्हरीचा खर्च, जाहिरात आणि या सगळ्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून प्लॅटफॉर्मने १,६०,००० कापून घेतले. ऑनलाइन विक्रीवरचा टीडीएस कापला ६४० रुपये. बँकेत आले ४,७९,३६०. कच्चा माल, बाटल्या, खोकी, गॅस आणि मदतीला येणाऱ्या मुलीचा पगार यांवर गेले ३,००,०००. म्हणजे तिचा नफा १,८०,०००. टीडीएसचे ६४० सरकारकडे ठेवलेले तिचेच पैसे आहेत. आता आयकर खात्याच्या पोर्टलवर तिच्या पॅनखाली जे वार्षिक माहितीपत्रक निघतं, ज्याला आपण एआयएस म्हणतो, त्यात काय दिसतं? ६,४०,०००. ती म्हणते, "एवढे पैसे मी बघितलेसुद्धा नाहीत." खरंच बोलते ती.

हा टीडीएस १ ऑक्टोबर २०२० पासून आला. सुरुवातीला दर १ टक्का होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झाला. व्यक्तीने पॅन किंवा आधार दिलेलं असेल आणि वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल तर तो कापतच नाहीत. पॅन दिला नाही तर मात्र ५ टक्के. कर गोळा करणं हा त्याचा मुख्य हेतू नाही, ०.१ टक्क्याने काय गोळा होणार? विक्रीची नोंद सरकारपर्यंत पोचावी यासाठी तो आहे. मला यात गैर वाटत नाही. नोंद व्हावी. पण नोंद एकूण विक्रीची होते आणि ती वाचून दाखवायला कोणी नसतं, तिथून भीती सुरू होते.

तिला कर किती लागेल? शून्य. नव्या करपद्धतीत २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी ४ लाखांपर्यंत करच नाही. १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलत मिळून देय कर शून्यावर येतो. छोट्या धंद्यासाठी कायद्यात आणखी एक सोय आहे, कलम ४४एडी. वर्षाची उलाढाल २ कोटींच्या आत असेल तर हिशेबाची पुस्तकं न दाखवता उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेच्या ६ टक्के, हे उत्पन्न धरून विवरणपत्र भरता येतं. या बाईंच्या ६,४०,००० वर ६ टक्के म्हणजे ३८,४०० रुपये.

इथे मी माझ्या पक्षकारांशी नेहमी वाद घालतो. ते म्हणतात, "कायदा ३८,४०० चालवून घेतो ना, मग तेवढेच दाखवू." मी म्हणतो, तुमचा खरा नफा १,८०,००० आहे आणि दोन्हीकडे कर शून्यच आहे. मग खरा आकडा का लिहीत नाही? ६ टक्के ही फक्त किमान रेषा आहे. त्याहून अधिक दाखवायला कायदा मोकळा आहे. उद्या तुम्ही मिक्सरच्या जागी चक्की घ्यायला बँकेत जाल. बँक मागच्या वर्षांची विवरणपत्रं मागेल आणि तिथे तुमच्याच हाताने लिहिलेलं असेल की वर्षाला ३८,४०० मिळतात. त्या आकड्यावर कोण कर्ज देणार? आणि कायदा पुस्तकं मागत नाही म्हणून वही ठेवायची नाही, हे मला मान्य नाही. सरकार मागत नसलं तरी मी मागतो. शंभर पानी वही पुरते.

विवरणपत्र भरणं या बाईंना सक्तीचं नाही, कारण उत्पन्न मर्यादेच्या आत आहे. पण भरलं नाही तर ६४० रुपये सरकारकडेच राहतात आणि एआयएसमधल्या ६,४०,००० शेजारी तिचं म्हणणं कुठेच नोंदलं जात नाही.

आता एक नाजूक गोष्ट. काम बाई करते; पण प्लॅटफॉर्मवर पॅन असतो नवऱ्याचा, मोबाईल असतो मुलाचा आणि यूपीआय जोडलेलं असतं नवऱ्याच्या पगाराच्या खात्याला. का, तर तेव्हा तेच हाताशी होतं. काही वर्षांपूर्वी एक शिक्षक माझ्याकडे आले. वर्षानुवर्षं ते सर्वांत सोपा, पगारदारांचा फॉर्म स्वतः भरत आले होते. त्या वर्षी त्यांच्या एआयएसमध्ये काही लाखांची ऑनलाइन विक्री उगवली. पत्नीच्या लोणच्यांची. त्यांना विवरणपत्र दुरुस्त करावं लागलं. पगाराला धंदा जोडला गेला की तो सोपा फॉर्म चालत नाही. पण मला त्याहून जास्त लागली ती दुसरी बाजू. त्या बाईंनी चार वर्षं मेहनत केली आणि कागदोपत्री त्यांचं उत्पन्न शून्य होतं. कर्जासाठी शून्य, सरकारी योजनेसाठी शून्य. विवरणपत्र हा बाईने कमावल्याचा कागद आहे. तो तिच्या नावाने असू द्या. पॅन तिचा, बँक खातं तिचं, यूपीआय तिचं. घरातल्या पुरुषांनी हे काम या महिन्यात करून द्यावं, अशी माझी विनंती आहे.

जीएसटीबद्दल थोडक्यात बोलता येत नाही, तरी प्रयत्न करतो. महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात, स्वतः थेट माल विकणाऱ्याला उलाढाल ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. पण प्लॅटफॉर्मवरून विकलं की २०१७ च्या मूळ कायद्यात पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती. गावातल्या दुकानात ३० लाख विकणारा मोकळा आणि मोबाईलवरून ३० हजार विकणारी बांधलेली. त्या काळात पुष्कळ बायकांनी प्लॅटफॉर्म मागतो म्हणून नोंदणी केली, तीन महिने विकून बघितलं आणि सोडून दिलं. विक्री नसली तरी शून्याचं विवरणपत्र भरावं लागतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. विलंब शुल्क दिवसाला २० रुपये, विक्री असेल तर ५०. एक बाई चार हजारांचे लाडू विकून विलंब शुल्काचा हिशेब घेऊन माझ्यापुढे बसल्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

१ ऑक्टोबर २०२३ पासून यात सुधारणा झाली. राज्यातल्या नोंदणीच्या मर्यादेच्या आत ज्यांची उलाढाल आहे, त्यांनी पोर्टलवर पॅन आणि पत्ता देऊन फक्त एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा. पूर्ण नोंदणी नको, मासिक विवरणपत्रं नकोत. ही खरी सोय आहे आणि ती अजून घराघरांत माहीत झालेली नाही. पण तिला एक अट आहे. माल राज्याबाहेर पाठवायचा नाही. म्हणजे सावंतवाडीची बाई तिचं आगळ नागपूरला पाठवू शकते, पण तासाभरावरच्या पेडण्याला नाही. चंदगडची बाई गडचिरोलीला विकू शकते, बेळगावला नाही. ज्या गावांशी आपली सोयरीक आहे, बाजारहाट आहे, जिथे आपलीच भाषा बोलतात, तिथला गिऱ्हाईक ऑनलाइन यादीतून वगळला जातो. जीएसटी आला तेव्हा राज्यांच्या सीमेवरचे नाके उठले. छोट्या विक्रेत्यासाठी मात्र तो नाका मोबाईलमध्ये उभा राहिला, असं माझं स्पष्ट मत आहे. हस्तकलेच्या ठरावीक वस्तू थेट परराज्यात विकणाऱ्यांना मर्यादेपर्यंत नोंदणीतून सूट आहे. तशी सूट घरगुती खाद्यपदार्थांना आणि तीही प्लॅटफॉर्मवर मिळायला हवी.

आणखी एक बारकावा सांगतो, कारण तो आपल्या घरांतला आहे. पापडावर जीएसटी नाही. कोणी फक्त पापडच विकत असेल तर कितीही विकले तरी नोंदणीची गरज नाही. पण त्याच बाईने पापडाबरोबर लोणचं विकायला घेतलं, ज्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ ऐवजी ५ टक्के कर आहे, की नोंदणीची मर्यादा मोजताना पापडाची विक्रीही त्यात धरली जाते. म्हणून वहीत पापडाचं पान वेगळं आणि लोणच्याचं वेगळं ठेवा.

आता आंब्याकडे येतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बोलताना त्याला वगळून चालणार नाही.

स्वतःच्या बागेतल्या हापूसची पेटी तुम्ही मोबाईलवर ऑर्डर घेऊन पुण्याला पाठवली, तर ते शेतीचं उत्पन्न. त्यावर आयकर नाही. स्वतः पिकवलेल्या मालापुरती शेतकऱ्याला जीएसटी नोंदणीही नाही. मागणी वाढली म्हणून शेजारच्या बागेतल्या पेट्या विकत घेऊन तुमच्या नावाने पाठवल्या, की त्या पेट्यांपुरता तुम्ही व्यापारी झालात. आणि उरलेल्या आंब्याचा रस काढून डबे भरले, तर आंब्याच्या बाजारभावाइतका भाग शेतीचा, त्यापुढचा नफा धंद्याचा. एकाच पडवीत, एकाच मे महिन्यात, एकाच हाताने भरलेली तीन प्रकारची खोकी आणि कायद्याच्या दृष्टीने तीन वेगळी उत्पन्नं. बँक खात्यात तिन्हींचे पैसे एकाच यूपीआयवर येऊन मिसळतात. वर्षाअखेर कोणता रुपया कुठल्या खोक्याचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. सांगू शकेल ती फक्त वही.

या आंब्याच्या घराला एक अडचण अशी आहे जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. ४४एडीखाली छोट्या धंद्याचं विवरणपत्र भरायला सरकारने 'सुगम' नावाचा फॉर्म काढला, आयटीआर-४. तो खरोखर सुगम आहे. पण शेतीचं उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर तो भरता येत नाही. पाच हजार! हापूसची दहा कलमं असलेला माणूससुद्धा चांगल्या वर्षी ते ओलांडतो. मग त्याला आयटीआर-३ भरावा लागतो. तो मोठ्या व्यापाऱ्यांचाही फॉर्म आहे. लांबलचक आणि किचकट. धंदा तेवढाच, कर तेवढाच, बहुतेक वेळा शून्य. पण शेतकऱ्याच्या घरातून विकतो म्हणून फॉर्म अवघड. मग सल्लागाराची फी येते, ती द्यायला नको म्हणून विवरणपत्रच राहून जातं. कोकणातलं, देशावरचं, कुठलंही शेतकरी कुटुंब जे ऑनलाइन विक्रीत उतरलं आहे, त्याच्या वाटेत ही ५,००० ची रेघ आडवी पडलेली आहे. ती हलवली पाहिजे.

ऑनलाइन जुनी सायकल, पाळणा, मुलांची पुस्तकं विकणारे विचारतात की हेही दाखवायचं का. नाही. घरातल्या वापरलेल्या वस्तू विकणं हा धंदा नाही आणि त्यावर भांडवली नफ्याचा करही नाही. दागिने आणि चित्रांसारख्या कलावस्तू याला अपवाद आहेत. जुनं सोनं विकलं तर नफा मोजावा लागतो.

गेल्या वर्षी शेजारच्या कर्नाटकात जे घडलं ते आपण विसरू नये. जुलै २०२५ मध्ये तिथल्या व्यापारी कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून हजारो छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. हावेरीतल्या एका भाजीवाल्याला चार वर्षांतल्या १ कोटी ६३ लाखांच्या जमेवरून २९ लाखांची मागणी आली. ताज्या भाजीवर मुळात जीएसटीच नाही. बेंगळुरूत दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' असे कागद लागले. पुढे सरकारने नमतं घेतलं. यातून आपल्याकडे पुष्कळांनी धडा काढला तो असा की रोखीत घ्या, म्हणजे दिसणार नाही. हा धडा चुकीचा आहे आणि पार्सलने माल पाठवणाऱ्याला तो उपयोगाचाही नाही. त्या भाजीवाल्याच्या बाजूने एकच गोष्ट उभी राहू शकत होती: कुठला पैसा कशाचा, हे सांगणारी नोंद. यूपीआयवर भिशीचे पैसे येतात, उसने परत येतात, भाच्याने आजीच्या औषधाला पाठवलेले येतात. त्या प्रत्येक रकमेला बँकेच्या कागदावर फक्त 'जमा' एवढंच नाव असतं.

आता गोखल्यांकडे परत येतो. कायदेमंडळात जाण्याआधी, १८९७ मध्ये, ते लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गेले होते. तिथे त्यांची उलटतपासणी झाली, ती हिंदुस्थानच्या खर्चाच्या आकड्यांवर. १९०२ चं भाषण उभं राहिलं तेही आकड्यांवर. ५०० चे १००० झाले, कारण मागणारा माणूस हिशेब घेऊन उभा होता. आपल्यालाही दोन रेघा हलवून हव्या आहेत: राज्याच्या सीमेची एक आणि ५,००० ची दुसरी. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा लागू होतो आहे. कलमांचे क्रमांक बदलतील, मागील वर्ष आणि आकारणी वर्ष यांच्या जागी एकच 'कर वर्ष' येईल. मागणी करायला ही वेळ योग्य आहे. पण निवेदनात लिहायचं काय? आपल्या जिल्ह्यातली किती घरं ऑनलाइन विकतात, त्यांचा सरासरी नफा किती, सीमेमुळे किती ऑर्डरी सोडाव्या लागतात, यातला एकही आकडा आपल्याकडे नाही. कारण तो ज्या वह्यांमधून यायचा, त्या वह्याच लिहिलेल्या नाहीत.

म्हणून माझं मागणं दोघांकडे आहे. विकणाऱ्यांनी आज घरी गेल्यावर प्लॅटफॉर्मच्या खात्यातून गेल्या एप्रिलपासूनचे विक्रीचे आणि कपातीचे अहवाल उतरवून घ्यावेत आणि नव्या वहीत तीन रकाने आखावेत: विकलं, आलं, खर्चलं. धंद्याचं यूपीआय घरच्या यूपीआयपासून वेगळं करावं. आणि इथे वाणिज्य शाखेची जी मुलं-मुली मागे उभी आहेत, त्यांनी आठवड्यातला एक तास द्यावा. मार्चच्या प्रत्येक शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मी याच वाचनालयाच्या अभ्यासिकेत बसणार आहे. वही, पॅन आणि मोबाईल घेऊन या. फी नाही. ३१ मार्चला चाळीस दिवस उरले आहेत.